एका ओळीची जागा

आश्विन लागला की आमच्या छापखान्यासमोरच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या येतात. बायका त्या ओल्या पाल्याने झाकून आणतात आणि भिंतीच्या सावलीला ओळीने बसतात. गिऱ्हाईक फळ दाबून पाहते. विकणारी हात झटकते. "डोळे बघा की. दाबता कशाला?" सीताफळाच्या अंगावरच्या खवल्यांना डोळे म्हणतात. फळ झाडावर तयार झाले की दोन डोळ्यांमधली रेघ पांढरी पडते, आणि मग डोळे उघडले असे म्हणतात. त्यानंतर फळ दोन दिवस चांगले राहते. तिसऱ्या दिवशी आतून काळे पडते, वरून मात्र तसेच दिसते.

मी सीताफळ खात नाही. वैद्याने मना केलेले नाही. पाट्या आल्या की वास वरच्या मजल्यापर्यंत येतो आणि मी खिडकी लावून घेतो, एवढेच.

या लेखात एक गाव येईल. त्याचे नाव येणार नाही. वर्तमानपत्रात आयुष्य घातलेल्या माणसाला असे लिहिणे जड जाते. आमच्या संपादकांचा नियम साधा होता: गाव, तालुका, वाट. "वाचकाला लेख वाचून उठून जाता आले पाहिजे," असे ते म्हणत. सुंदर, रमणीय, अवर्णनीय असे शब्द दिसले की ते लाल शाईने काट मारत आणि समासात लिहीत, "किती कोस?"

हा नियम वाईट होता असे आजही म्हणवत नाही.

निजामाच्या मुलखाला आमच्याकडे सगळे मोगलाईच म्हणत. आमच्या साप्ताहिकाने त्या वर्षी मोगलाईतल्या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गावांवर लेखमाला काढायची ठरवली आणि काम माझ्याकडे आले. नगरहून निघालो. हद्दीवरच्या नाक्यावर ट्रंक उघडायला लावली. वहीत काय आहे, असे तिथल्या कारकुनाने विचारले. मी म्हणालो, कोरी आहे. ती कोरीच होती. मग बीड. मग नेकनूरचा बाजार. तिथे ट्रंक एका दुकानात ठेवली आणि पुढचा डोंगर पायी चढलो. अंगात काळा कोट, हातात छत्री, खांद्याला पिशवी.

हस्ताचा पाऊस नुकताच संपला होता. डोंगरावरचे गवत कमरेइतके वाढले होते आणि टोकाला पिवळे पडत होते. खालच्या काळ्या रानांतून वाफ येत होती. रान इतके ओले नाही की पाय रुतावा, इतके कोरडे नाही की ढेकूळ हाताला लागावे. मूठ वळली तर गोळा होतो, सोडली तर फुटतो. शेतकरी याला वाफसा म्हणतात. रब्बीची ज्वारी याच दिवसांत पेरायची असते. हे दिवस आठ, फार तर दहा. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

खिंडीच्या वळणावर गाव एकदम दिसले. मातीच्या सपाट माळवदांची घरे, एक दीपमाळ, एक तळे. बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या, पुष्कळ, निरनिराळ्या आवाजांच्या. एका माळवदावर एक बाई आली आणि तिने लाल वाकळ पसरली. मग शेजारच्या माळवदावर दुसरी. मग तिसरी. पावसाळा संपला की लोक पांघरुणे उन्हात घालतात, मला वाटले तेच चालले आहे. मी थांबून मोजल्या. वाकळा नऊ झाल्या. मोजून होईपर्यंत घंटांचा आवाज थांबला होता. मी वहीत लिहिले: दुपार, वाकळा नऊ, गाव अतिशय शांत. "अतिशय" हा शब्द मागाहून काटला.

गावात शिरलो तर दारे लावलेली. कुत्रे होते, कोंबड्या होत्या, माणूस नव्हते. पहिली वाकळ पसरणारी बाई तेवढी माळवदाच्या काठाशी उभी होती. तिशीची, उंच, पदर कमरेला खोचलेला. तिचे नाव गिरजाबाई, हे पुढे कळले.

"कोन पायजे?" तिने वरूनच विचारले.

"कुणी नको. गाव पाहायला आलो."

"हे गाव?" तिने मागे वळून पाहिले, जणू मागे दुसरे एखादे असेल. "कावून?"

"लिहायला."

"काय लिवनार? बैलं?"

"बैल कशाला? देऊळ, तळे, माणसे."

"मानसं लिवा. मानसं लई हायत. बैलं न्हाईत गावात. बुळकांडीनं मेली समदी." हे तिने एका दमात म्हटले, पाठ केलेले म्हणावे तसे. मी वहीत लिहून घेतले. तिने मान लांब करून रस्त्याकडे पाहिले. "सायबाचा घोडा मागनं येतोय?"

"घोडा नाही."

"शिपाई?"

"कुणी नाही. मी एकटाच."

"मंग कोट कावून घातला?"

"सवय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली, आणि माळवदाच्या झरोक्यातून खाली ओरडली, "आवो कारभारी, या भाईर! सायेब न्हाई ह्यो. नुसता कोट हाय!"

कणगीच्या मागून भुसा झटकत तिचा नवरा निघाला. सोनबा. रुंद खांद्यांचा, बोलण्याआधी हसणारा माणूस. पुढच्या तासाभरात नऊच्या नऊ वाकळा उतरल्या आणि दारे उघडली. लोक येऊन माझा कोट पाहून गेले. एकाने बाहीला हात लावून विचारले, "काय बे सोनबा, ह्येला भिऊन तू कनगीमागं बसलतास?" सोनबा म्हणाला, "मी तर कनगीमागं. तू तर इहिरीत उतरलतास की." सगळे हसले. गिरजाबाईने भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला, आणि परडीभर सीताफळे पुढे ठेवली. बिया कुठे टाकू, असे मी विचारले. तेव्हा ती म्हणाली, "टाका कुटंबी. हितं लावावं लागत न्हाई."

ऊन कलल्यावर सोनबा म्हणाला, "चला पाव्हणं, बैलं आनाया जाऊ."

"मेले ना सगळे?"

"मेलते," तो म्हणाला. "आता उठत्याल."

ज्या दऱ्यात त्याने मला नेले तिथे कसे जायचे ते इथे लिहीत नाही. एकदा लिहिले होते.

दरा म्हणजे डोंगराच्या कुशीतली घळ. दोन्ही उतारांवर नुसती सीताफळीची झाडे, माणसाच्या उंचीची, पानांचा रंग फिका. खाली पडलेली फळे फुटून पांढरी झाली होती आणि त्यांवर मधमाश्या. वास इतका गोड की पहिल्या दहा पावलांनंतर तो जाणवेनासा झाला. सावलीत बैल उभे होते. मी मोजले, बत्तीस. बत्तीस बैल रवंथ करत होते, माश्या उडवायला माना हलवत होते, प्रत्येकाच्या गळ्यात घंटा होती, आणि आवाज एकही नव्हता.

सोनबाने आपली जोडी हाताने दाखवली. तांब्या लाल, मोठा, संथ. दुसरा बाशिंग्या, त्याची शिंगे कपाळावर बाशिंग बांधल्यासारखी वर गेलेली. सोनबाने त्याच्या घंटेत बोट घालून ओल्या पाल्याचा बोळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"सीताफळीचाच पाला पायजे," तो म्हणाला. "दुसरा कोनचाबी घाला, शेजारचा बैल जीभ घालून काडून खातो. आन मंग वाजती. ह्यो खात न्हाईत. लई कडू हाय."

मग कारण सांगितले. साहेब दौऱ्यावर निघाला की तंबू, पेट्या, भांडी वाहायला गाड्या लागतात. त्या गावोगाव बिगारीने, पैसा न देता, धरतात. कधी धरतील, किती दिवस नेतील, कुठवर नेतील, याला काही नेम नाही. खिंडीत कोट दिसला की पहिली वाकळ. वाकळा पाहून बैल दऱ्यात. पाटलाने साहेबापुढे हात जोडून बुळकांडीच्या साथीचे सांगायचे. गेली तीन वर्षे हे निभावले होते. त्याआधी सोनबाच्या चुलतभावाची जोडी ऐन पेरणीत नेली होती, सतरा दिवस.

"परत आली का?" मी विचारले.

"बैलं आलती की माघारी," सोनबा म्हणाला. "वाफसा न्हाई आला."

निघताना तो एवढेच बोलला. "पाव्हणं, तुमी काय ते लिवा. पर आमी बैलं लपवतो आसं नका लिवू."

"नाही लिहिणार," मी म्हणालो.

मी तसे लिहिले नाही. मी शब्द पाळला, आणि कोणाला ते कात्रण पाहायचे असेल तर माझ्याकडे आहे. त्यात लपवणे हा शब्द नाही, बिगार हा शब्द नाही, साहेब नाही. त्यात असे आहे: खिंडीत पाहुणा दिसताच या गावातल्या बायका माळवदांवर लाल वाकळा पसरतात. गावापासून अमुक अंतरावर, दीपमाळेकडे पाठ करून, अमुक झाडापाशी वाट सोडली की सीताफळीचा एक दरा लागतो. दुपारी गावचे बत्तीस बैल तिथे सावलीला उभे असतात. त्यांच्या घंटांत पाला भरलेला असतो, त्यामुळे पाखरांखेरीज कशाचाही आवाज येत नाही. शेवटी, रीतीप्रमाणे, आभार: सोनबाने आपण होऊन वाट दाखवली.

मी कारण लपवले. जागा सांगितली.

संपादकांनी लेखात एकही काट मारली नाही. समासात लिहिले, "नक्की झाले आहे." ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी. वाचकांची पत्रे आली. एका शिक्षकाला घंटांचा परिच्छेद इतका आवडला की त्याने तो मुलांना शुद्धलेखनाला घातला. एकाने थोडक्यात विचारले होते, सदर वाट घोड्याला जाण्याजोगी आहे काय. वाचकांच्या शंकांना उत्तर देणे हे माझे काम होते. मी कार्डावर लिहिले: आहे, मात्र शेवटच्या उतारावर उतरून लगाम धरावा.

अपरिचित हा शब्द प्रवास करणाऱ्याचा आहे. गावाला आपले गाव परिचितच असते. जो येतो त्याला ते ठाऊक नसते, आणि आपल्याला ठाऊक नाही याचे खापर तो गावावर फोडतो. त्या गावाला वेस नव्हती, तट नव्हता, बुरूज नव्हता. कुणाला ठाऊक नसणे हाच त्याचा तट होता. मी तो मोजून, कोसांत, उतरवून ठेवला. हे सगळे आता सुचते. तेव्हा सुचले ते एवढेच की पुढच्या आश्विनात पुन्हा जावे. सीताफळे चांगली होती.

दुसऱ्या आश्विनात नेकनूरच्या बाजारात एक गृहस्थ माझ्या समोर येऊन उभे राहिले. टोपी नीट, मिशी नीट, हातात विड्याचे पान. तालुक्याच्या कचेरीत साहेबांपुढे कागद वाचून दाखवणारा जो कारकून असतो, त्याला तिकडे पेशकार म्हणतात. हे तेच. माझे नाव त्यांना कोणी तरी सांगितले होते.

"क्या बात है! तुम्हीच ते?" ते म्हणाले. "काय कलम आहे राव तुमची! अहो, घोडा थेट गेला. एक पाऊल इकडंतिकडं नाही."

मी विचारले, कुठे?

"दऱ्यात. कार्ड मीच टाकलं होतं तुम्हाला. उतारावर लगाम धरा म्हणालात ना? धरला. बरं झालं, नाही तर साहेब पडतेच." त्यांनी मला पान दिले. "तीन वर्षं हे गाव आमच्या हातावर तुरी देत होतं. यंदा साहेबांनी पाटलाला विचारलं, बैल? म्हणाला, हुजूर, बुळकांडी. मी खिशातून कात्रण काढलं आणि वाचलं. सगळं. घंटांपर्यंत. पाटील उभाच्या उभा! साहेब इतके हसले, इतके हसले. मग पाटलाला उन्हात ओणवा केला, पाठीवर दगड दिला, आणि आम्ही गेलो. बत्तीस लिहिले होते तुम्ही. छत्तीस निघाले."

"वर्षभरात चार वाढले असतील," मी म्हणालो. मला खरोखर आकड्याचे वाटले होते.

"असतील, असतील," पेशकार म्हणाले. "पण बाकी सगळं बरोबर."

मी डोंगर चढलो. खिंडीच्या वळणावर थांबलो. माळवदे मोकळी होती. मी बराच वेळ उभा राहिलो. एकही वाकळ आली नाही. गावाने मला ओळखले असेल असे क्षणभर वाटले. मग लक्षात आले की खुणेचा उपयोगच संपला आहे.

चावडीच्या पायरीवर पाटील बसले होते. वाकता येत नसावे, पाठ भिंतीला लावून ताठ बसले होते. शेजारी दोघे-तिघे. त्यांपैकी एक म्हणाला, "ह्यो त्योच का बे?" दुसरा म्हणाला, "कोट त्योच हाय."

पाटलांनी मला बसा म्हटले नाही. "सोनबाकडं जायचं न्हवं? जा. त्येच्याकडं आता दुसरं कोनी जात न्हाई." मग म्हणाले, "वाट इचारू नका. तुमाला समद्या वाटा ठावं हायत."

सोनबा रानात होता. लांबून तिफण चाललेली दिसली. पेरणीच्या तिफणीला बैलांची जोडी लागते. जुवाच्या एका बाजूला तांब्या होता. दुसऱ्या बाजूला सोनबा.

जू तांब्याच्या बाजूने वर आणि सोनबाच्या बाजूने खाली आले होते. सोनबाच्या खांद्यावर जुवाखाली घडी घातलेली लाल वाकळ होती. मागे गिरजाबाई एका हाताने तिफण दाबत होती आणि दुसऱ्याने ओटीतली ज्वारी चाड्याच्या वाटीत सोडत होती. तांब्या संथ होता, पण माणसापेक्षा बैलाचे पाऊल मोठे. दर चार पावलांनी तिफण सोनबाकडे वळे आणि ओळ वाकडी जाई. गिरजाबाई "हो, हो" म्हणून थांबवत होती. बैलाला की नवऱ्याला, ते कळत नव्हते. दोघेही थांबत होते.

बांधाशी आल्यावर सोनबाने मान बाहेर काढली. हसला. बोलण्याआधी हसायची त्याची सवय गेली नव्हती.

"आलात पाव्हणं? पानी घ्या."

बाशिंग्या परतला नव्हता. पेट्यांची गाडी घाटात चढवताना त्याचा पाय घसरला, तो पडला, आणि गाडी त्याच्यावर आली. तांब्याला सगळ्यांच्या शेवटी सोडले. सोनबाने हे सांगितले आणि पुढे म्हणाला, "त्येचं काय न्हाई. बैल मरतोच. पर सावड तोडली."

त्या भागात सावड म्हणजे एकमेकांना बैल देण्याची रीत. ज्याचा एक बैल गेला त्याला दुसऱ्याने आपला द्यायचा, आणि पुढे त्याने तो दिवस भरून काढायचा. पाटलांनी चावडीवर सांगितले होते की ज्याने दरा दाखवला त्याला गावात सावड नाही. गावात बैल परतले होते. सोनबाच्या शेजारच्या रानात दोन जोड्या पेरत होत्या. तिथला माणूस आमच्याकडे पाठ करून पेरत होता. वळताना मात्र तोंड इकडे येई, तेव्हा तो खाली पाही.

"मी म्हनलो, मी न्हाई दावला. त्येंचं त्ये गेलते," सोनबा म्हणाला. "तर पंतोजीनं कागद वाचला चावडीवर. त्यात माजं नाव. आपन हून दावला म्हनून."

"आभार होते ते," मी म्हणालो.

"हा. आभार." त्याने मान चोळली. "पाव्हणं, एक काम करा. आजून एक वळ लिवा. सोनबानं वाट दावली न्हाई, आमची आमी हुडकली. यवढंच. पंतोजी वाचंल, पाटील आयकंल. छापल्यालं खरं मानत्यात."

"हे खोटे आहे," मी म्हणालो.

गिरजाबाई तोवर गप्प होती. ओटीतली ज्वारी पोत्यात रिकामी करता करता ती म्हणाली, "मंग? पयलं खरं लिवलंत त्येचं काय झालं?"

सोनबाने तिला हाताने गप्प केले. "ह्यो वाफसा तर चार दिसात गेला. निम्मं रान बी हुत न्हाई मानसानं. पर स्वातीचा पाऊस पडला तर आनिक येक वाफसा घावंल. तवर वळ आली, तर कोन तरी बैल दील. पाऊस देवाच्या हातात हाय. वळ तुमच्या."

"छापीन," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर मी लेखाची पहिली चार वाक्ये मनात जुळवली. जू, वाकळ, वाकडी ओळ. ती चांगली होती.

लेख बिगारीवर झाला. गावाचे नाव या खेपेला घातले नाही. संपादकांनी समासात विचारले, आणि पहिल्यांदाच माझे ऐकले. सोनबाचे नाव होते. अगदी शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, ती एक ओळ होती. साप्ताहिक छापायला जायच्या दिवशी खिळे जुळवणारे कारागीर वर आले. हात शाईने काळे, कपाळावर चष्मा.

"स्तंभाला एक ओळ जास्त होते," ते म्हणाले. "कुठली काढू?"

मी लेख वाचून पाहिला. सगळ्या ओळी खऱ्या होत्या. खोटी एकच होती. शिवाय ती शेवटी होती, आणि तिच्या आधीच्या वाक्यावर लेख चांगला संपत होता. मी बोट ठेवले.

कारागिरांनी चिमट्याने खिळे उचलून पेटीत टाकले. एक ओळ मोडायला वेळ लागत नाही.

वर्तमानपत्रात चूक दुरुस्तीची सोय असते. आठवड्याच्या आठवड्याला आम्ही ती छापत असू: अमुक गृहस्थांचे नाव चुकून तमुक पडले, अमुक सभा सोमवारी नसून मंगळवारी आहे. पुढच्या अंकात जागा होती. त्यापुढच्या अंकातही होती. पण दुरुस्ती छापायला आधी चूक असावी लागते, आणि माझ्या लेखात चूक नव्हती. मी पुन्हा पुन्हा तपासले.

स्वातीचा पाऊस पडला. आमच्या अंकात त्याची बातमी आहे, मीच लिहिलेली: मोगलाईच्या पश्चिम भागात समाधानकारक पाऊस, रब्बीला दुसरा वाफसा.

तिसऱ्या आश्विनात मी नेकनूरपुढे गेलो नाही. बाजारात ऊन चांगलेच होते. गुळाच्या ढेपांच्या मागे, लिंबाखाली, सीताफळवाल्या बसल्या होत्या. त्यांत गिरजाबाई होती. तिने मला आधी पाहिले. उठली नाही, चेहरा फिरवला नाही. पाटीवरचा पाला बाजूला केला आणि एक फळ वेचून पुढे ठेवले. त्याचे डोळे उघडले होते.

"बसा," ती म्हणाली.

मी सोनबाचे विचारले.

"हायत. परळीकडं गेल्यात, खडी फोडाया. खांदा धरला त्येंचा. हात वर जात न्हाई, पर खडी खालीच असती." ती हसली नाही. "रान पडीक हाय. तांब्या इकला. गाव सोडलं. मी ह्या बाजारात बसती."

"पाऊस पडला होता म्हणे."

"पडला की. लई चांगला पडला." तिने दुसरे फळ उचलून परत ठेवले. "वाफसा सात दिस हुता. ह्ये रोज पंतोजीकडं जायचे. म्हनायचे, कागद आला का? आला की म्हनायचे, वाचा. पंतोजी समदा वाचायचा. जाहिरातीसुदिक. मंग म्हनायचे, मागल्या बाजूला बगा."

मी छत्री मिटून बाजूला ठेवली.

"मलाबी वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "म्हनून इचारती. पंतोजीनं नजरंतनं सोडली आसंल. ती वळ आलती का वो?"

"नाही."

"कावून?"

"जागा नव्हती," मी म्हणालो. हे खरे होते.

तिने बाजाराकडे पाहिले. पाटीवरची माशी उडवली. मग खरोखर माहीत करून घ्यायचे असावे, अशा आवाजात तिने विचारले, "येका वळीला किती जागा लागती?"

विचारलेल्या गोष्टीचे नक्की उत्तर द्यायची मला सवय आहे. मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली. मध्ये ज्वारीचा एक दाणा राहील, इतकी.

ती पुढे वाकली आणि माझ्या दोन बोटांमधल्या फटीतून पाहिले.

"यवढीच?" ती म्हणाली.